नोट परत कोण घेणार? : सरंजामी जपानमधील संस्थानी नोटांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात एदो काळातील, म्हणजे शोगुन या लष्करी सत्ताधीशांच्या राजवटीतील (१६०३ ते १८६८), जपानविषयी लिहिताना, तेथील अनेक दाइम्यो म्हणजे संस्थानिक आपापल्या मुलखापुरत्या कागदी नोटा काढीत असत, असा ओझरता उल्लेख आम्ही केला होता. त्या एका वाक्यावर अपेक्षेपेक्षा बरीच पत्रे आली. एकच शंका अनेकांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारली असल्याने सारख्या प्रश्नांची एकत्र उत्तरे देत आहोत.

प्रश्न : शोगुनची सत्ता इतकी बळकट होती की दाइम्योला त्याच्या परवानगीशिवाय किल्ल्याची भिंतसुद्धा दुरुस्त करता येत नसे, असे वाचले आहे. मग नोटा छापण्यासारखा राजाधिकार त्याने संस्थानिकांच्या हाती कसा राहू दिला? (पुणे)

उत्तर : शोगुनचे सरकार, ज्याला बाकुफू म्हणत, ते नाण्यांच्या बाबतीत खरोखरच कडक होते. सोने, चांदी आणि तांबे या तिन्ही धातूंची नाणी पाडण्याचा अधिकार त्याने स्वतःकडे ठेवला होता. कागदाला मात्र त्याने फार काळ राजाधिकाराची वस्तू मानलेच नाही. स्वतःच्या नोटा बाकुफूने काढल्या त्या अगदी अखेरीस, १८६७ मध्ये, म्हणजे सत्ता हातातून निसटत असताना. तोपर्यंत संस्थानाची नोट ही त्याच्या दृष्टीने नाण्याची जागा घेणारी वस्तू नव्हती; त्या संस्थानाने आपल्या रयतेला लिहून दिलेली ती एक प्रकारची पावती होती.

या पावतीची गरज का पडली, हे समजण्यासाठी तेथील नाणेव्यवस्था थोडी पाहावी लागेल. एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या बाजूला मोठे व्यवहार सोन्याच्या ‘र्यो’मध्ये होत आणि ही नाणी मोजून दिली-घेतली जात. ओसाका आणि क्योतोच्या बाजूला मात्र चांदी चाले, आणि ती नाण्यांच्या संख्येवर नव्हे तर वजनावर चाले. वजनाचे एकक ‘मोम्मे’ म्हणजे सुमारे पावणेचार ग्रॅम. किरकोळ खरेदीसाठी भोक पाडलेले तांब्याचे ‘मोन’ होते. १७०० मध्ये बाकुफूने ठरवलेला दर १ र्यो म्हणजे ६० मोम्मे चांदी किंवा ४००० मोन असा होता, परंतु बाजारातला दर रोज बदले. पेशवाईतील पोतदार ज्याप्रमाणे निरनिराळे रुपये पारखून बट्टा लावीत, त्याप्रमाणे ओसाकातील सराफांची पेढी या तीन धातूंच्या देवघेवीवर चाले. आता चांदीचा वाटाण्याएवढा खडा घेऊन बाजारात गेलेल्या माणसाची कल्पना करावी. प्रत्येक दुकानात तराजू, प्रत्येक वेळी वजन, आणि अर्ध्या मोम्मेची वस्तू घ्यायची असेल तर मोड कोठून आणायची हा प्रश्न वेगळाच. एक मोम्मे किंवा त्याचा दोन-तीन दशांश अशा बारीक रकमेचा छापील कागद अशा बाजारात सोयीचा ठरणार, हे उघड आहे. संस्थानी नोटा पश्चिम जपानमध्ये अधिक पसरल्या, आणि त्यांतील बहुसंख्य चांदीच्या मापात होत्या, याचे एक मोठे कारण हेच आहे.

ही झाली रयतेची गरज. दाइम्योची गरज निराळी होती आणि खरे पाहता नोटा निघाल्या त्या तिच्यापोटी. सान्किन-कोताई या नियमानुसार बहुतेक दाइम्योंना एक वर्ष आपल्या मुलखात आणि एक वर्ष एदोत राहावे लागे, बायको आणि वारस तर कायम एदोतच. शेकडो माणसांचा लवाजमा घेऊन जाणे-येणे आणि राजधानीतील वाडे चालवणे यांत संस्थानाच्या उत्पन्नाचा फार मोठा वाटा खर्ची पडे, आणि हा खर्च रोख नाण्यांतच करावा लागे, कारण आपल्या मुलखातील कागद एदोत कोणी हातातही धरला नसता. तेव्हा मुलखातील व्यवहार कागदावर आणायचा, रयतेच्या गाठीचे चांदी-सोने त्या बदल्यात खजिन्यात ओढायचे आणि ते एदोला व ओसाकाच्या सावकारांकडे पाठवायचे, ही युक्ती सुचण्यास विशेष बुद्धी लागत नव्हती.

बाकुफूचे धोरण या बाबतीत स्थिर नव्हते. १७०७ मध्ये त्याने संस्थानी नोटांवर सरसकट बंदी घातली. त्या सुमारास त्याने स्वतः हिणकस केलेली नाणी देशभर खपवायची होती आणि नोटा त्या मार्गात आडव्या येत होत्या. १७३० मध्ये योशिमुने या शोगुनने ही बंदी उठवली. पूर्वी नोटा काढलेल्या संस्थानांना, वार्षिक उत्पन्न दोन लाख कोकू तांदूळ किंवा अधिक असल्यास पंचवीस वर्षांची आणि त्याहून कमी असल्यास पंधरा वर्षांची मुदत मिळाली. (एक कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर तांदूळ, ढोबळमानाने एका माणसाचे वर्षाचे धान्य.) पुढे १७५९ मध्ये सोन्याच्या आणि तांब्याच्या मापातील नव्या नोटांना मनाई झाली. प्रत्यक्षात नियम आणि व्यवहार यांत अंतर वाढतच गेले, आणि एकोणिसाव्या शतकात तर परवानगी ही बहुतांशी उपचाराची बाब उरली.

प्रश्न : अशी पहिली नोट कोणत्या संस्थानाने काढली? (नाशिक)

उत्तर : पहिला मान संस्थानाकडे जात नाही. ज्याप्रमाणे आपल्याकडे पंढरपूर, त्याप्रमाणे जपानमध्ये इसे हे यात्रेचे मोठे ठिकाण. तेथील देवस्थानालगतच्या यामादा गावात १६०० च्या सुमारास व्यापाऱ्यांनी चांदीच्या मोडीऐवजी लिहून दिलेल्या चिठ्ठ्या चालू लागल्या आणि त्यांना ‘यामादा हागाकी’ असे नाव पडले. जपानमधील कागदी चलनाची सुरुवात येथून मानतात. यात्रेकरूंची वर्दळ, किरकोळ देवघेव आणि सुट्या चांदीची टंचाई या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र आल्या होत्या, आणि चिठ्ठी देणारा व्यापारी गावातला, ओळखीचा, उद्या पळून न जाणारा होता.

संस्थानांपैकी, जिच्याविषयी निश्चित पुरावा आहे अशी पहिली नोट फुकुईची, १६६१ ची. फुकुईचे दाइम्यो शोगुनच्याच तोकुगावा कुळाशी नाते असलेले होते आणि त्यांच्या मुलखात एचिझेनचा प्रसिद्ध हातकागद बनत असे, ही दोन्ही अनुकूलता ध्यानात घेण्यासारखी आहे.

जाता जाता आणखी एक. ‘हान्सात्सु’ (संस्थानी नोट) हा शब्द आज सर्वत्र रूढ असला तरी ज्या काळी या नोटा चालत, त्या काळी लोक त्यांना नुसते ‘सात्सु’ किंवा ‘गिन्सात्सु’, म्हणजे चांदीची नोट, म्हणत. ‘हान’ हा संस्थानवाचक शब्दच सरकारी कागदपत्रांत १८६८ नंतर स्थिरावला.

प्रश्न : या नोटा दिसत कशा? आणि त्यांच्यावर संस्कृत अक्षरे असत, असे एका व्याख्यानात ऐकले, ते कितपत खरे? (गोवा)

उत्तर : खरे आहे, परंतु त्यामागे भक्तीपेक्षा धोरण अधिक होते.

नोट उभी आणि अरुंद असे, साधारण वीतभर लांब आणि दोन-तीन बोटे रुंद. आज आपण पुस्तकात खूण म्हणून जी पट्टी घालतो, तिच्याशी तिचे रूप जुळते. कागद मात्र जाड असे, कारण हजार हातांतून फिरूनही तो टिकणे आवश्यक होते. लाकडी ठशांनी छापलेल्या या पट्टीवर वरच्या बाजूस एखादी देवता, मधोमध रक्कम, आणि खाली किंवा मागे नोट काढणाऱ्या कचेरीचे व हमीदाराचे नाव व मोहोर अशी सर्वसाधारण मांडणी असे. तांदळाच्या पोत्यांवर उभा राहिलेला दाइकोकु हा देव या नोटांवर वारंवार भेटतो. भरभराटीचा हा हसरा देव मुळात आपला महाकाल. बौद्ध धर्माबरोबर तो चीनमार्गे जपानला गेला आणि तेथील एका स्थानिक देवाशी एकरूप होऊन खांद्यावर झोळी आणि हातात मोगरी घेऊन उभा राहिला. उज्जैनच्या मंदिरात दर्शन घेतलेल्या माणसाला त्याची ओळख पटणे कठीण आहे.

संस्कृत अक्षरांविषयी बोलायचे तर, जपानी बौद्ध मंत्रांसाठी सिद्धम् ही लिपी वापरीत. तिला तेथे ‘बोंजी’ म्हणतात, आणि ज्या ब्राह्मी कुळातून आपली देवनागरी आली त्याच कुळातील ती आहे. सामान्य माणसाला ही अक्षरे वाचता येत नसत, आणि नोट काढणाऱ्याला नेमके तेच हवे होते. जे वाचता येत नाही ते हुबेहूब उतरवताना हात चुकतो आणि ती चूक जाणत्याच्या डोळ्याला टिपता येते. याच हेतूने काही नोटांवर डच अक्षरेही छापलेली आढळतात. बाहेरच्या जगाशी संबंध जवळजवळ तोडलेल्या देशात ती वाचणारे मूठभरच होते. याशिवाय कागदात पाणछाप उमटवणे, नक्षीच्या रेषांत बारीक अक्षरे दडवणे, रक्कम मुद्दाम किचकट अक्षरांत लिहिणे, असे अनेक उपाय होते.

आमच्या मते या सर्वांपेक्षा भरवशाचा बंदोबस्त कागदाचा होता. आजच्या ह्योगो प्रांतातील नाजिओ या गावात गांपी नावाच्या झुडपाच्या सालीच्या लगद्यात तेथील डोंगरातील बारीक माती मिसळून कागद करीत. तो किडीला दाद देत नसे, लवकर पेट घेत नसे, आणि मातीमुळे त्याला आलेला रंग व वजन दुसऱ्या गावात साधत नसे. चोराला ठसा कोरता आला तरी माती कोठून आणणार? अर्थात खोट्या नोटा तरीही निघतच. पकडलेल्याला देहान्त शासन होई, आणि तरीही निघत.

प्रश्न : एका संस्थानातून दुसऱ्या संस्थानात जाणाऱ्या प्रवाशाने काय करायचे? आमच्या आजीच्या तोंडी हाली आणि कलदार हे शब्द असत, त्याची आठवण झाली. (लातूर)

उत्तर : आठवण अगदी योग्य ठिकाणी झाली. निजामाच्या राज्यातील मराठवाड्यात हाली शिक्का चाले आणि सोलापूर किंवा नगरकडे यायचे तर इंग्रजी कलदार रुपया लागे. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब त्या भागातील जुन्या माणसांना पाठ होता. १९१८ च्या कायद्यानंतर हैदराबादने स्वतःच्या कागदी नोटाही काढल्या आणि त्या संस्थान विलीन झाल्यावरही काही वर्षे चालल्या. इंग्रजांच्या स्वतःच्या नोटाही आरंभी सार्वत्रिक नव्हत्या. १८६१ च्या कायद्याने काढलेली मुंबई मंडळाची, म्हणजे मुंबईच्या चलन-विभागाची, नोट त्या मंडळातच वटे. पाच रुपयांची नोट ब्रह्मदेश वगळता सर्वत्र चालू लागली ती १९०३ मध्ये, आणि शंभराची १९११ मध्ये. नोट ही हद्दीपुरती असते, हे त्या काळच्या माणसाला आजच्याइतके चमत्कारिक वाटत नव्हते.

जपानमध्ये अशा हद्दी दोनशेहून अधिक होत्या, आणि काही ठिकाणी तर एका दिवसाच्या चालीत दोन संस्थाने ओलांडली जात. जेथे नोटांचा अंमल कडक असे, तेथे आत येणाऱ्या व्यापाऱ्याने आपली चांदी ‘सात्सु-काइशो’, म्हणजे नोटांच्या कचेरीत, देऊन नोटा घ्यायच्या, मुलखातील सर्व खरेदी-विक्री नोटांतच करायची आणि जाताना उरलेल्या नोटा देऊन चांदी परत घ्यायची, असा नियम असे. दोन्ही वेळी दर सारखा नसे. चांदी देऊन नोट घेणे स्वस्त आणि नोट देऊन चांदी घेणे थोडे महाग. मधली कसर कचेरीची. इतर काही ठिकाणी नोटा आणि नाणी शेजारी शेजारी चालत आणि माणसे आपल्या सोयीप्रमाणे दोन्ही वापरीत.

या कचेरीचा कारभार बहुतेक ठिकाणी सामुराई पाहत नसत, तर गावातील बडे व्यापारी पाहत. नोटेवर हमीदार म्हणून त्यांचेच नाव असे, कधी ओसाकाच्या सावकाराचेही असे. ही गोष्ट वाटते त्यापेक्षा महत्त्वाची आहे. दाइम्योवर फिर्याद करण्याची सोय रयतेला नव्हती. व्यापाऱ्याच्या दारात मात्र जाऊन उभे राहता येत होते. ज्या नोटेमागे अशी ओळखीची पेढी असे ती टिके, आणि जिच्यामागे केवळ राजाज्ञा असे तिचा भाव पहिल्या दुष्काळात कोसळे, असे या दोनशे वर्षांच्या इतिहासात पुनःपुन्हा दिसते.

प्रश्न : संस्थानच खालसा झाले तर? नोटा धारण करणाऱ्यांचे काय होत असे? (मुंबई, तसेच नागपूर)

उत्तर : सामान्यतः त्यांचे नशीब फुटत असे. पण या प्रश्नाचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर आकोच्या नोटांनी दिले आहे, आणि ज्या कथेचा तो भाग आहे ती सर्वांना ठाऊक असूनही हा भाग मात्र सांगायचा राहून जातो.

आको हे पश्चिम जपानच्या समुद्रकाठचे, मिठासाठी नावाजलेले, पन्नास हजार कोकूंहून थोड्या अधिक उत्पन्नाचे संस्थान. १७०१ च्या वसंतात त्याचा तरुण दाइम्यो आसानो नागानोरी याने एदोच्या किल्ल्यात, ऐन दरबारी समारंभाच्या दिवशी, किरा योशिनाका या मानकऱ्यावर शस्त्र उपसले. किरा जखमी होऊन बचावला. आसानोला त्याच दिवशी सेप्पुकूची, म्हणजे पोट चिरून मरण्याची, आज्ञा झाली आणि संस्थान जप्त झाले. सत्तेचाळीस रोनिनांनी, म्हणजे धनी गमावलेल्या सामुराईंनी, पुढे घेतलेल्या सूडाची कथा येथून सुरू होते, आणि सांगणारा साहजिकच सूडाकडे धावतो.

जलद पालख्यांतून एदोहून निघालेले दूत सुमारे सहाशे किलोमीटरचे अंतर चार-साडेचार दिवसांत कापून आकोला पोचले. किल्ल्यात सामुराई एकत्र जमून किल्ला लढवायचा की सोडायचा यावर वाद घालू लागले, तेव्हा गावातील लोकांना वेगळीच चिंता लागली होती. आको संस्थानाच्या नोटा गेली वीस वर्षे चालत होत्या. संस्थान उद्या नाही म्हटल्यावर त्या नोटा म्हणजे रद्दी, हे मिठागरातील मजुरालाही कळत होते. नोटांच्या कचेरीपुढे झुंबड उडाली.

त्या वेळी मुख्य कारभारी ओइशी कुरानोसुके याने जो निर्णय घेतला तो असा : खजिन्यात जी रोकड आहे तिच्यातून नोटा परत घ्यायच्या आणि दर्शनी किमतीच्या सहा दशांश चांदी रोख मोजायची. म्हणजे दहा मोम्मेच्या नोटांना सहा मोम्मे. आजच्या वाचकाला हा चाळीस टक्के तोटा वाटेल. तेव्हाच्या नोटधारकाला तो साठ टक्के अनपेक्षित लाभ होता, कारण बुडालेल्या घराण्याचे कर्ज कोणी फेडील अशी अपेक्षा करण्याची रीत नव्हती. ओइशीला स्वतःच्या तीनशेच्या आसपास बेकार होऊ घातलेल्या सामुराईंनाही शेवटचे पैसे वाटायचे होते. तरीही नोटधारकांना त्याने मागे टाकले नाही. गावात दंगल झाली नाही आणि किल्ला शांतपणे शोगुनच्या अधिकाऱ्यांच्या स्वाधीन झाला.

यामागे केवळ परोपकार होता असे आम्ही म्हणणार नाही. धन्याच्या भावाला गादीवर बसवून संस्थान पुन्हा उभे करता येईल, अशी आशा ओइशीला त्या वेळी होती, आणि गावात बखेडा झाला असता तर ती तत्काळ संपली असती. परंतु हेतू काहीही असो, घराणे बुडत असताना त्याच्या सहीच्या कागदाचा हिशेब आधी मिटवणारा हा कारभारी आम्हाला पावणेदोन वर्षांनंतर बर्फातून किराच्या वाड्यावर चालून जाणाऱ्या ओइशीपेक्षा कमी धाडसी वाटत नाही.

प्रश्न : थोडक्यात, ही रयतेची लूटच नव्हती काय? कागद छापून लोकांचे चांदी-सोने काढून घ्यायचे. (कोल्हापूर)

उत्तर : अनेक ठिकाणी लूटच होती. उत्तरेकडील आकिताचे, म्हणजे कुबोता संस्थानाचे, उदाहरण बोलके आहे. तेथे १७५५ मध्ये खजिना रिता असताना आणि वर दुष्काळ पडलेला असताना नोटा काढण्यात आल्या. गाठीला चांदी नाही म्हणूनच नोटा काढायच्या, आणि मग चांदी मागायला लोक आले की द्यायला चांदी नाही, या चक्रात ते संस्थान सापडले. तांदूळवाले नोटा घेईनात, भाव भडकले, दरबारात तट पडले. १७५७ मध्ये नोटा बंद करण्यात आल्या आणि दोष ज्यांच्या माथी आला त्या अधिकाऱ्यांपैकी काहींना सेप्पुकूची शिक्षा झाली.

परंतु प्रत्येक ठिकाणी असेच झाले असे म्हटल्यास अन्याय होईल. हिमेजी संस्थानावर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सुमारे ७ लाख ३० हजार र्योंचे कर्ज होते. कावाई मिचिओमी या कारभाऱ्याने त्या मुलखात विणले जाणारे पांढरे सुती कापड संस्थानामार्फत थेट एदोला पाठवण्याची व्यवस्था केली. विणकराला आणि कापड गोळा करणाऱ्याला संस्थानी नोटांत पैसे मिळत, कापड एदोत सोन्याला विकले जाई, आणि ते सोने हिमेजीला येई. येथे नोटेमागे खजिन्यातील चांदी होती असे म्हणण्यापेक्षा बाजारात निघालेले कापड होते असे म्हणणे अधिक बरोबर. नोट ही विणकराला दिलेली उचल होती आणि कापड विकले गेले की ती फिटे. कर्ज फिटण्यास काही दशके लागली, पण ते फिटले.

यामादा होकोकु (इसेच्या यामादा गावाशी याचा संबंध नाही) या माणसाची कथा आणखी उद्बोधक आहे. बिच्चू-मात्सुयामा हे आजच्या ओकायामा प्रांतातील डोंगरी संस्थान. कागदोपत्री उत्पन्न पन्नास हजार कोकू, प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याहून कमी, आणि कर्ज एक लाख र्यो. शेतकरी कुटुंबात जन्मलेला आणि विद्वत्तेच्या बळावर वर आलेला होकोकु दाइम्यो इताकुरा कात्सुकियोच्या आज्ञेने जमाखर्चाचा प्रमुख झाला. त्याने प्रथम ओसाकाच्या सावकारांपुढे संस्थानाचे खरे आकडे ठेवले आणि फेडीची मुदत मागून घेतली. मग तो नोटांकडे वळला. बेसुमार छपाईमुळे आणि खोट्या नोटांच्या सुळसुळाटामुळे जुन्या पाच मोम्मेच्या नोटेवरून लोकांचा विश्वास उडाला होता. होकोकुने जाहीर केले की ज्याला नोट परत करायची असेल त्याने मुदतीत येऊन रोख घेऊन जावे. अशा रीतीने गोळा केलेल्या आणि खजिन्यात न वापरता पडलेल्या नोटा त्याने १८५२ च्या शरद ऋतूत नदीकाठच्या वाळवंटात नेऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांसमक्ष जाळल्या. त्यानंतर नव्या नोटा काढल्या, त्या मात्र हव्या तेव्हा नाण्यांत बदलून मिळत.

राखेने कर्ज फिटत नाही, हे होकोकुला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक होते. त्याच्या डोंगरात लोखंडाची वाळू होती. तिच्यापासून खिळे आणि शेतीची अवजारे, विशेषतः तीन-चार दात्यांची बिच्चू कुदळ, बनवून ती जहाजाने थेट एदोला विकण्याची व्यवस्था त्याने त्याच काळात उभी केली. काही वर्षांत एक लाखाचे कर्ज फिटले आणि शिल्लक पडू लागली. मात्सुयामाच्या नव्या नोटा शेजारच्या संस्थानांतील लोकही आपखुशीने घेऊ लागले असे सांगतात. नोट तीच, कागद तोच, फक्त ती परत घेणारा माणूस बदलला होता.

फुकुईतही हेच झाले. तेथे १८५९ च्या सुमारास मित्सुओका हाचिरो या तरुण अधिकाऱ्याने, योकोई शोनान या विचारवंताच्या सल्ल्याने, नोटा सामुराईंच्या पगारात न उडवता रेशीम आणि इतर माल तयार करणाऱ्यांना भांडवल म्हणून दिल्या, आणि तो माल नागासाकीतून परदेशी विकून नाणी मिळवली.

कोल्हापूरच्या वाचकांच्या आक्षेपाला आमचे उत्तर म्हणून असे आहे : कागद छापण्यात लूट नव्हती. मुलखाबाहेर कोणी विकत घेईल असे काही पिकत किंवा बनत नसताना कागद छापणे, ही लूट होती.

प्रश्न : मी सध्या तोक्योत राहते. क्योतोच्या जुन्या बाजारात अशी एक अरुंद नोट मिळाली. तिच्यावरील मूळ छपाईवर ‘सेन’ असे नव्या पद्धतीचे मूल्य शिक्क्याने उमटवले आहे. हा शिक्का खोटा तर नव्हे? (तोक्यो)

उत्तर : नोट प्रत्यक्ष न पाहता तिच्या अस्सलपणाची हमी आम्हाला देता येणार नाही, पण असा शिक्का असणे हे संशयाचे कारण मुळीच नाही. त्या शिक्क्यात या सर्व नोटांचा शेवट सामावला आहे.

१८६८ मध्ये शोगुनशाही संपून सम्राटाच्या नावाने कारभार करणारे मेइजी सरकार आले. लढाईचा खर्च भागवण्यासाठी त्याने लगेच देशभर चालणाऱ्या ‘दाजोकान-सात्सु’ नावाच्या नोटा काढल्या. ही कल्पना ज्याची होती तो युरी किमिमासा म्हणजे दुसरा-तिसरा कोणी नसून फुकुईचा मित्सुओका हाचिरोच. त्याने नाव तेवढे बदलले होते. कागदही त्याच्याच मुलखातील एचिझेनचा. एकूण ४ कोटी ८० लाख र्योंच्या या नोटा छापण्यात आल्या, परंतु नाण्यांत बदलून न मिळणाऱ्या या कागदाला आरंभी लोक दर्शनी किमतीत घेईनात. संस्थानांनीही याच काळात लढाईच्या खर्चापायी आपापल्या नोटा भरमसाट वाढवल्या. फुकुओका संस्थानाच्या अधिकाऱ्यांनी तर कहर केला : त्यांनी सरकारच्याच नव्या नोटा चोरून छापल्या. प्रकरण उघडकीस आल्यावर काहींना देहदंड झाला आणि तेथील संस्थानप्रमुख कुरोदा नागातोमो याला १८७१ च्या उन्हाळ्यात पदावरून काढण्यात आले.

त्यानंतर काही दिवसांतच सरकारने सर्व संस्थाने बरखास्त करून त्यांच्या जागी प्रांत निर्माण केले. त्या वेळी नोटा काढलेली संस्थाने २४४ होती. त्या सर्वांच्या नोटांचे देणे सरकारने स्वतःकडे घेतले आणि त्या दिवशीच्या बाजारभावाने त्या बदलून देण्याचे जाहीर केले. दर्शनी किमतीने नव्हे, ही गोष्ट महत्त्वाची, कारण ज्यांच्या संस्थानाचा कारभार बरा होता त्यांना बरी किंमत मिळाली आणि उधळ्या दाइम्योच्या रयतेला त्याच्या उधळेपणाचा शेवटचा हप्ता भरावा लागला.

त्याच वर्षी येन, सेन आणि रिन ही नवी दशमान नाणेपद्धती आली. परंतु सेन आणि रिन यांची नाणी पुरेशी पाडली गेली नव्हती, आणि जुन्या नोटा एकदम काढून घेतल्या असत्या तर देशभर सुट्या पैशांवाचून बाजार अडले असते. तेव्हा सरकारने जुन्या नोटांवरच त्यांचे नवे मूल्य सेन-रिनमध्ये शिक्क्याने उमटवून त्या तात्पुरत्या चालू ठेवल्या. आपल्या हाती आलेली नोट बहुधा त्यांपैकीच एक असावी. नवीन नाणी आणि नोटा जसजशा उपलब्ध झाल्या तसतशा या शिक्क्याच्या नोटा परत घेण्यात आल्या, आणि हे काम १८७९ मध्ये पुरे झाले. आपली नोट त्या वेळी कोणाच्या तरी पेटीत राहून गेली.